पाटीची पाठ

४ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर बघूनच पत्र कोणाचं ते ओळखलं असशील. इतकं सुतात अक्षर दुसऱ्या कोणाचं नसतं, असं आमचा पोस्टमन म्हणतो, मी नाही. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला नाही. आता मी लिहितेय म्हणजे नमतं घेतलं असं समजू नकोस. बातम्या साठल्यात आणि सांगायला घरात कोणी नाही, एवढंच.

पहिली बातमी म्हणजे माझा उजवा गुडघा बदलला. चार महिने झाले. डॉक्टर म्हणाले होते, या वयात लोक लवकर काठी सोडत नाहीत. मी सातव्या आठवड्यात काठी त्यांच्याच टेबलावर ठेवून आले. व्यायाम घेणारी बाई आता दुसऱ्या पेशंटना माझं उदाहरण देते. काल शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी राहून औषधवाल्याची पाटी रंगवली, तर खाली पाच-सात माणसं तोंड वर करून बघत होती. बघू देत की. साठीनंतर बाईकडे बघायला थांबतं कोण?

दुसरी बातमी मोठी आहे. जंगल कार्यालयाचं पत्र आलंय. तळ्याच्या वाटेवरच्या झाडांवरच्या खुणा पुसट झाल्यात, त्या पुन्हा रंगवायच्या आहेत, आणि ते काम त्यांना माझ्याकडूनच हवंय. 'आपणच करावे' असे शब्द आहेत. ते पत्र मी दुकानात बाबांच्या फोटोखाली लावलंय. येणारा प्रत्येक जण वाचतो, आणि जो वाचत नाही त्याला मी वाचायला लावते.

तू म्हणशील, कोणत्या तोंडाने घेतेस हे काम? त्या नर्सबाई उलट्या बाजूने येताना वाट चुकल्या, त्या चौकशीत मी खोटं बोलले नव्हते, धाकटे. साहेबांनी विचारलं, "फळीपुलापासून तळ्याच्या टोकापर्यंत झाडांच्या मागच्या बाजूला खुणा का नाहीत?" मी म्हटलं, "मी पेंटर. जिथे दाखवलं तिथे रंग लावला." यात खोटं काय ते सांग. 'दोन्ही बाजूंच्या खुणा पूर्ण' याखाली रजिस्टरात सही तुझी होती. कार्यालयाची वाटाडी तू होतीस, मी नाही.

आणि गाव सोडून जाताना दुकानातला पिवळ्या ऑइलपेंटचा अर्धा डबा घेऊन गेलीस, तेही मी विसरलेले नाही. मावशीलाही सांगितलंय. इतका राग होता तर भांडायचं होतंस, डबा कशाला पळवायचा?

असो. सगळी वाट मी एकटी चालणार आहे. फाटकापासून निघून जंगलातून तळ्याला वळसा घालून पुन्हा फाटकाशी, नऊ किलोमीटर. फलकावर 'मध्यम अवघड' असं लिहिलंय. अक्षर माझंच आहे. कोणासाठी मध्यम, ते मात्र कार्यालयाने लिहून घेतलं नव्हतं.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र परत आलं नाही, म्हणजे घेतलंस तरी. वाचलंस का, ते विचारत नाही.

मी रोज चालते. पहिला आठवडा दुकान ते पोस्ट. मग दुकान ते स्टेशन. आता पाण्याच्या टाकीचा चढ चढून परत, तेही खांद्याला दोन डबे रंग आणि टर्पेंटाइनची बाटली अडकवून, म्हणजे त्या दिवशी पाठीने कुरकुर करायला नको. समोरची शिंपीण खिडकीतून ओरडते, "ताई, मिलिटरीत भरती झालात की काय?" मी म्हणते, "त्यांनी विचारलं होतं, मीच नाही म्हटलं."

काल दुकान आवरताना पत्र्याचा साचा खिळ्यावरून काढला. वीतभर उंच, चार बोटं रुंद, कडांवर तेव्हाचा पिवळा रंग तसाच सुकलेला. साचा झाडाला टेकवायचा, ब्रश दोनदा फिरवायचा, उचलायचा. एकशे साठ झाडं आणि सगळ्या खुणा एका मापाच्या. बाबांनी तुला कधी ब्रश धरू दिला नाही, आठवतं ना? डाव्या हाताने ब्रश डब्यात पार बुचकळायचीस आणि रंग कोपरापर्यंत ओघळायचा. "हिचा हात पाटीला लागू देऊ नका," म्हणायचे. पण रानात सोडलं तर ही पोरगी डोळे मिटून घरी येईल, असंही तेच म्हणायचे.

आणि खरंच, ती वाट तुझी. चढ कुठे तोडायचा, दलदलीवर फळ्या कुठे टाकायच्या, कोणत्या वळणावर झाडांमधून पाणी पहिल्यांदा दिसायला हवं, सगळं तू ठरवलंस. मी डबा घेऊन मागून.

मावशीचा फोन आला होता. तिकडच्या तळ्याच्या बागेत तू वाटाडीच्या जागेसाठी अर्ज केला होतास म्हणे. त्यांनी इथल्या कार्यालयाकडे चौकशी केली आणि रजिस्टरातला शेरा वाचून नाही म्हटलं. ही तिसरी वेळ, असं मावशी म्हणाली. सध्या रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरतेस. मावशी म्हणाली, "ती काही बोलत नाही गं, पण तिचं लक्ष नसतं कशात." मी विषय बदलला आणि तिला गुडघ्याची हकिगत सांगितली.

पण तो शेरा डोक्यातून जात नाही. 'निष्काळजीपणा, चार व्यक्तींचा जीव धोक्यात.' त्या चार निवृत्त नर्सबाई उलट्या बाजूने वाटेला लागल्या, तळ्याच्या टोकाला पोचल्यावर पुढे त्यांना एकही खूण दिसेना, जंगलात भरकटल्या, एकीचा घोटा मोडला. हे खरं. पण दिवस मावळायच्या आत त्यांना शोधलं कोणी? मोडलेल्या पायाच्या बाईला पाठुंगळी घेऊन फाटकापर्यंत आणलं कोणी? ते का नाही लिहिलं? चौकशीत निदान एवढं तरी मी सांगायला हवं होतं.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. पण पेंटर खाडाखोड करत नाही, म्हणून राहू देते.

ताई

६ मार्च

धाकटे,

झाली! एका दिवसात झाली! सकाळी सहाला फाटकातून आत गेले आणि साडेचारला बाहेर आले. नऊ किलोमीटर, एकशे साठ झाडं, एक बदललेला गुडघा. ठेकेदाराची माणसं असती तर तीन दिवस लावले असते आणि चौथ्या दिवशी अर्धा रंग राहिला म्हणून सांगायला आली असती.

पहिला टप्पा अगदी सपाट, तिथे मी चक्क गुणगुणत होते. मग मुळांचा चढ लागला. मुळं अशी आडवीतिडवी वर आलेली की प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं. तिथे गुणगुणणं बंद. चढाच्या मध्ये तू तो बसायचा सपाट दगड बसवून घेतलास ना, त्याच्यावर बसले आणि मनात म्हटलं, कार्टीने जागा मात्र नेमकी हेरली. अजून दहा पावलं पुढे असता तर मी तिथवर पोचले नसते. आत उजेड कमी, शेवाळ्याचा ओला वास, दूर कुठेतरी सुतारपक्ष्याची ठोकाठोक. माझा ब्रश आणि त्याची चोच, दोघंच कामावर.

फळीपूल ओलांडला. पुलाच्या पुढची अडतीस झाडं सगळ्यात वाईट. तिथे वाट उताराच्या कडेने जाते, झाडांच्या पुढच्या अंगाला उभं राहता येतं, पण मागच्या अंगाला जायचं तर उतारावर खाली उतरून पुन्हा वर यावं लागतं. आज पुढच्याच बाजूचं काम होतं. त्यामुळे प्रश्न आला नाही.

आणि मग ते वळण. धाकटे, मला माहीत होतं की पाणी दिसणार. तरी दिसलं तेव्हा मी डबा खाली ठेवला. पूर्ण तळं एकदम समोर येतं, वारा नव्हता, दोन बदकं सोडली तर पाण्यावर एक रेघ नव्हती. काठावर बसून पाव आणि उकडलेली दोन अंडी खाल्ली. एक जोडपं तिथेच बसलं होतं. बाई नवऱ्याला म्हणाली, "ज्याने कोणी ही वाट आखली, त्याला काहीतरी बक्षीस द्यायला हवं." मी म्हणणार होते, त्याला नाही, तिला. पण तोंडात अंडं होतं.

फाटकाशी राखणदाराने चहा दिला. म्हणाला, "बाई, एका दिवसात? मी पैज लावली असती तर हरलो असतो."

मी म्हटलं, "आता मागच्या बाजूच्या राहिल्या. नऊ तारखेला उलट्या दिशेने येते."

"या की. पुलापुढच्या पण जरा पुसट झाल्यात. तुम्ही चौकशीनंतर एकट्या येऊन केल्या होत्या ना, त्या."

मी कप खाली ठेवला.

"साहेबांनी मला बघायला पाठवलं होतं त्या आठवड्यात, तर सगळ्या झालेल्या. साहेब म्हणाले, बाई मानी आहे, बोलली नाही, पण येऊन काम पुरं करून गेली. म्हणून तर परत तुम्हालाच बोलावलं."

चहा प्यायले. वर बिस्किट मागून घेतलं.

घरी येईपर्यंत विचार करत होते. मी तर तिकडे चार वर्षांत फिरकलेही नाही. कार्यालयातल्याच कोणीतरी केल्या असतील आणि विसरले असतील. कोणी का केल्या असेनात, झाल्याशी कारण. नऊला बघेन.

ताई

९ मार्च

धाकटे,

आज उलट्या बाजूने गेले.

तळ्याच्या टोकाशी पोचले तेव्हा दहा वाजले होते. पहिल्या झाडावरची खूण लांबूनच दिसली आणि मी मनात म्हटलं, कुठल्या आंधळ्याने काढलीय ही? वरची कड एका बाजूला कललेली, खालची कड सुटलेली, खाली बोटभर लांब ओघळ. साचा लावलेलाच नाही. दुसऱ्या झाडावर गेले. पुन्हा तेच, फक्त ओघळ दोन. तिसऱ्या झाडापाशी मी चष्मा पुसला.

तो पिवळा माझा होता. पिवळ्यात मी चिमूटभर तांबडा घालते, म्हणजे जंगलाच्या सावलीत तो मरत नाही. असा दुसरं कोणी घालत नाही. आणि ब्रश डब्यात पार बुचकळून डाव्या हाताने ओढलेली रेघ मी तुझ्या सातव्या वर्षापासून ओळखते.

अडतीसच्या अडतीस झाडं बघितली मी. एकही सोडलेलं नाहीस. प्रत्येक झाडाच्या खाली उतारावर उतरून पुन्हा वर आलीस. नोकरी गेलेली, शेरा बसलेला, सामान बांधलेलं. आणि गाडी पकडायच्या आधी तू माझ्या दुकानातून अर्धा डबा उचललास आणि माझं राहिलेलं काम पुरं करून गेलीस. कोणाला सांगितलं नाहीस. मी मात्र चार वर्षं मावशीला सांगत बसले की धाकटीने डबा पळवला.

तिथे वाटेवरच बसले मी. आता लिहिते तेव्हा नीट वाच, कारण हे मी पहिल्यांदा लिहितेय आणि बहुतेक एकदाच लिहीन.

त्या दिवशी तू पुढे फळ्या टाकून घेत होतीस. पुलानंतर पहिल्या झाडाला मी पुढून खूण केली आणि मागे जायला खाली उतरले, तर गुडघ्यातून अशी कळ आली की झाडाला मिठी मारून उभी राहिले. त्याच्याआधी वर्षभर तो दुखत होता. तुला सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही. मोठी आहे मी, शिडीवर चढणारी, बाबांचं दुकान चालवणारी. "धाकटे, होत नाही गं" एवढे चार शब्द बोलायचे होते. तू हसत हसत ब्रश घेतला असतास आणि मी तुला सतराशे साठ सूचना केल्या असत्या. पण ते चार शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. बाबा म्हणायचे ना, "पाटीची पाठ कोण बघतो?" तेच मनात म्हटलं आणि अडतीसही झाडं पुढूनच रंगवली.

संध्याकाळी फाटकाशी तू विचारलंस, "ताई, दोन्ही बाजू झाल्या?"

मी म्हटलं, "झाल्या. कर सही."

"एकदा बघून येऊ का?"

"माझं काम तपासणार तू?"

तू हसलीस आणि सही केलीस. मी पंचेचाळीस वर्षं ब्रश धरलाय, तुला माझ्या शब्दापलीकडे दुसरा पुरावा नको होता. चौकशीच्या खोलीत मी 'जिथे दाखवलं तिथे रंग लावला' म्हटलं, तेव्हा तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. 'ताईनेच झाल्या म्हणून सांगितलं' असं एक वाक्य बोलली असतीस तर तुझी नोकरी राहिली असती. तू मान खाली घातलीस. मला वाटलं होतं, ती लाजेने घातलीस. माझ्या लाजेने घातली होतीस, हे मला आज कळलं.

मी चुकले, धाकटे. आपल्याला अक्षरंच मोठी काढता येतात, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते.

मी चुकले.

आज त्या झाडांना मला हात लावता आला नाही. उरलेल्या एकशे बावीस झाडांच्या मागच्या बाजू रंगवून आले. उद्या विश्रांती, परवा साचा घेऊन जाते आणि तुझ्या त्या अडतीस खुणा नीट, सरळ करून टाकते. तुझ्या कामाला शोभतील अशा.

ताई

२२ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांनी तीन शब्द, 'साचा लावू नकोस.' कंजूष ती कंजूषच.

पण उशीर केलास. तुझं कार्ड यायच्या आधीच मी जाऊन आले होते.

ऐक काय झालं. अकरा तारखेला पहिल्या झाडापाशी उभी राहिले, साचा टेकवला, ब्रश भरला. साच्याच्या बाहेर तुझी वाकडी कड डोकावत होती आणि खाली तो ओघळ. सरळ करायची तर आधी तुझी खूण खरवडायला हवी होती. मी साचा उचलला आणि पिशवीत टाकला. मग साधा ब्रश घेऊन तुझ्या कडेवरून माझी कड नेली, जिथे ती कलली तिथे कलवली, जिथे सुटली तिथे सोडली. ओघळसुद्धा ओढले. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाकडी रेघ काढली मी आणि सांगते, सरळ रेघ काढणं सोपं असतं. अडतीस झाडांना पूर्ण दिवस गेला. प्रत्येक झाडाला उतारावर खाली उतरले आणि वर आले. गुडघा संध्याकाळी भोपळ्यासारखा सुजला होता, पण त्याने साथ दिली. बाबांनी बघितलं असतं तर दुकानातून हाकललं असतं मला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले. कारकून म्हणाला, "बाई, चार वर्षं झाली, फाइल बंद आहे."

म्हटलं, "मग उघडा. ती दाराची कडी थोडीच आहे गंजायला?"

साहेबांसमोर सगळं सांगितलं. खुणा मी अर्ध्या सोडल्या, झाल्या म्हणून खोटं मी सांगितलं, सही तिने माझ्या शब्दावर केली, नर्सबाईंना तिने शोधलं, आणि नंतर येऊन राहिलेल्या खुणा तिने केल्या, मी नाही. साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत होते. मग म्हणाले, "हे लिहून दिलंत तर कार्यालयाचं काम तुम्हाला पुन्हा देता येणार नाही."

म्हटलं, "कागद द्या. रेघांचा नसला तरी चालेल, माझं अक्षर सरळच येतं."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तू म्हणशील. म्हण. पण लिहून दिलं. शेरा रद्द झाला आणि नवीन नोंद झाली. शिक्का मारलेली प्रत या पाकिटात आहे, तुझ्या पुढच्या अर्जाला जोड. बाबांच्या फोटोखालचं कार्यालयाचं पत्र मी काढलं. तिथे आता तुझं तीन शब्दांचं कार्ड आहे. मावशीलाही डब्याचं खरं सांगितलं. ती रडली आणि मग मला इतकं बोलली की ते इथे लिहायला दुसरं पाकीट लागेल.

परवा पुन्हा तळ्यावर गेले. काम नव्हतं, ब्रश नव्हता, नुसती चालायला गेले, उलट्या बाजूने. फळीपुलाशी एक टोपीवाले गृहस्थ बायकोबरोबर समोर थांबलेले. मला बघून हसत म्हणाले, "काय हो, या खुणा कुठल्या लहान मुलाकडून काढून घेतल्यात का? एकही सरळ नाही."

मी म्हटलं, "माझ्या धाकट्या बहिणीने काढल्यात."

गृहस्थ ओशाळले. "नाही, म्हणजे, तसं नाही..."

"तळ्यापासून इथपर्यंत आलात ना? कुठे वाट चुकलात का?"

"नाही हो. एकदाही नाही."

"मग झालं तर," मी म्हटलं, आणि पुढे चालायला लागले.

तुझी ताई